तांबोळी बाईंनी बाकी ठेवलेलं क्रियापद

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी तांबोळी बाईंचं नाव घेतो. आईवडिलांना त्याचं वाईट वाटलं नसतं. तेही हेच म्हणायचे. बाई आमच्या औशाच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. वडील अडत बाजारात हमाल होते आणि दहावी झाली की मला एका अडत्याच्या दुकानात बसवायचं, हे घरात ठरून गेलं होतं. एका दुपारी बाई न सांगता घरी आल्या, आईने अंथरलेल्या पोत्यावर बसल्या, पिठलं-भाकरी मागून घेऊन जेवल्या आणि हात धुता धुता वडिलांना म्हणाल्या, "हा शिकेल. तुम्ही फक्त मध्ये येऊ नका." वडील कुणाचं ऐकणारे नव्हते, पण पिठलं मागून खाणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं, हे त्यांना सुचलं नाही. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. त्या पदवीची सुरुवात माझ्या हिशेबी त्या दुपारी झाली.

बाईंची शिकवायची एक रीत होती, ती मी पुढे कुठे पाहिली नाही. इंग्रजीत साध्या क्रियापदाला एखादा इवलासा शब्द चिकटतो आणि अर्थ कुठल्या कुठे जातो. गेट अप, गिव्ह अप, रन आउट, लुक आफ्टर. आम्ही त्यांना शेपटीची क्रियापदं म्हणायचो. गाईडमध्ये त्यांचे अर्थ समोरासमोर छापलेले असत, पण बाई ते पाठ करू देत नसत. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी त्या एकेकाला एकेक क्रियापद वाटून द्यायच्या आणि म्हणायच्या, "पाठ करून येऊ नका. करून या." पुढच्या शनिवारी उभं राहून सांगायचं, काय केलं ते. आधी आधी हसण्यावारीच जायचं. 'गेट अप' मिळालेल्या दत्ताने सांगितलं की तो इतक्या पहाटे उठला की कोंबड्याला त्यानेच उठवलं. मग एकदा 'रन आउट ऑफ' मिळालेली मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आमच्याकडचं गोडेतेल संपलं. मी शेजारी मागायला गेले नाही." बाई म्हणाल्या, "बरोबर. बस." त्या दिवसापासून वर्गात कोणी दात काढले नाहीत.

दहावीच्या शेवटी शेवटी मला 'होल्ड ऑन' मिळालं. धरून ठेवणे. मामाच्या गावी उधळलेल्या कालवडीचं दावं मी धरून ठेवलं होतं, ते मी जरा ऐटीतच सांगितलं. बाईंनी विचारलं, "सोडून द्यावं असं वाटलं होतं?"

"नाही बाई. लहानच होती ती."

"मग ते नुसतं धरणं झालं. सोडावंसं वाटतंय, सोडलं तर कोणी बोलही लावणार नाही, आणि तरी सोडलं नाही, तर ते होल्ड ऑन. तुझं बाकी आहे."

पुढच्या शनिवारी शाळा नव्हती, मग परीक्षा आली, आणि ते बाकीच राहिलं. खरं सांगायचं तर मी विसरूनही गेलो.

पदवीनंतर मला नोकरी लागली ती बेंगळूरुला, के. आर. पुरमच्या पुढे एका लहानशा कारखान्यात, माल तपासायच्या विभागात. कन्नड येत नव्हतं, हिंदी औशाची, इंग्रजी पुस्तकी. शिवाजीनगरच्या बस स्टँडमागे खोली शोधत हिंडताना एका दारातून बाईमाणसाचा आवाज आला, "दूध उतू गेलं की रे, कुणी बघतंय का स्वल्प?" मी तिथेच थांबलो. आत डोकावून "काकू, तुम्ही मराठी?" असं विचारलं तेव्हा त्या पदराने भांडं धरून उभ्या होत्या. "काकू कुणाला म्हणतोस? अक्का म्हण," त्या म्हणाल्या. मी गाव सांगितलं. "औसा? ते कुठं आलं? आमचेही पूर्वज तिकडूनच आले म्हणतात शहाजीराजांबरोबर. कुठल्या गावचे, ते त्यांनाच ठाऊक. आता कुणाला विचारायचं?" मागची खोली मला मिळाली.

अक्का, त्यांचे यजमान अण्णा आणि मुलगा सतीश, एवढंच घर. अण्णा बँकेतून निवृत्त झालेले, अंगाने भरलेले, सदा चेष्टा करणारे. सतीश माझ्याच वयाचा, मोटारींच्या शोरूममध्ये होता. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं होतं की पहिले काही दिवस मला अर्धंच कळायचं; 'जरा'ला स्वल्प, 'बरं बरं'ला सरी सरी. जेवायला रोज भात आणि सारू. सारू म्हणजे चिंचेचं पातळ सार. ते भातावरून ताटभर पळायचं आणि मी बोटांनी त्याला अडवत बसायचो. माझे हाल पाहून अक्का कुठून तरी ज्वारीचं पीठ घेऊन आल्या आणि थापल्या त्यांनी भाकऱ्या, पोळपाटाएवढ्या जाड. मी दोन खाल्ल्या. "बघा, हमालाचं पोर भाकरीवर चालतं, पेट्रोलसारखं," अण्णा म्हणाले. त्यात टोचणी नव्हती. अक्का सकाळी मागच्या अंगणात उंच तारेवर साड्या वाळत घालायच्या. हात पोचत नसे म्हणून एक लांब वेळूची काठी होती. ती काठी तारेवर टक टक वाजली की मला जाग यायची. हाक मारली की मी "ओ" म्हणायचो, त्याचंही त्यांना हसू यायचं. "आमच्यात हां म्हणतात. तू ओ काय देतोस, बोटीच्या भोंग्यासारखा?"

त्या घरात मला काही कमी नव्हतं. म्हणूनच त्या रविवारबद्दल लिहिताना हात आजही जड होतो.

त्या उन्हाळ्यात बोअर आटला. नळाला पाणी दिवसाआड, तेही करंगळीएवढं. बेंगळूरुत घराखाली किंवा अंगणात पाण्याची टाकी असते, तिला संप म्हणतात. अण्णांच्या घरी पुढे एक नवा संप होता आणि मागच्या अंगणात एक जुना, त्यांच्या वडिलांनी बांधलेला, दोन पुरुष खोल, तोंडाभोवती वीतभर कट्टा, वर लोखंडी झाकण. तो कित्येक वर्षं बंद होता. टँकर मागवायचा तर एका संपात मावत नाही, तेव्हा जुना साफ करून घ्यायचा, असं अण्णांनी ठरवलं. रविवारी दुपारी टँकर येणार होता. सकाळी उप्पीट खाऊन अण्णा आणि सतीशने पहारीने झाकण उचकटलं. मी बादल्या घेऊन उभा होतो. आतून वास आला.

हा वास मला माहीत होता. आमच्या आजोबांच्या गावी पेवं होती. पेव म्हणजे जमिनीखालचं ज्वारीचं कोठार; तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट खोलीएवढं. भरलं की तोंड लिंपून टाकायचं. उघडल्यावर लगेच कोणी उतरत नसे, कारण आतली हवा मेलेली असते. आधी दोराला बांधून कंदील सोडायचा. कंदील तगला तर माणूस. माणसाच्या बगलेतून दोर बांधायचा, वरच्याने तो धरायचा आणि सारखी हाक मारायची. खालच्याने ओ द्यायची. ओ आली नाही की ओढायचं. आणि एक नियम वडिलांनी मला लहानपणीच सांगून ठेवला होता: दोर धरणारा खाली उतरत नाही. कोणीही असो खाली. हा नियम आमच्या घराने फार महागात घेतला होता. माझे चुलते असेच एका शेजाऱ्याच्या मागे उतरले. घाई होती, दोर नव्हता, कंदील आणायला बायका घरी गेल्या होत्या. कंदील आला तेव्हा दोघंही खाली होते. कोणीतरी तो तसाच पेटता कडेला ठेवला. मी तेव्हा फार लहान होतो. चुलत्यांचा चेहराही मला आठवत नाही, पण भर उन्हात जळणारा तो कंदील आठवतो.

"अण्णा, आज नको," मी म्हणालो. "झाकण दोन दिवस उघडं राहू द्या. मग कंदील सोडून बघू."

"कंदील? इथं टॉर्च आहे, ती बघ," अण्णा म्हणाले. "संप आहे रे हा. तुझ्या गावचं पेव नव्हे."

"टॉर्च कुठेही लागते अण्णा. तिला हवा लागत नाही."

"आणि टँकरवाला दोन दिवस उभा राहतो होय? सरी सरी, बाजूला हो."

मी बाजूला झालो नाही. भाडेकरू होतो, वयाने लहान होतो, पण पाय हललेच नाहीत. म्हणालो, "मग दोर तरी बांधू द्या." अण्णा हसले. "म्हशीला बांधतात दोर." तेवढ्यात काठी टेकवून उभ्या असलेल्या अक्का म्हणाल्या, "बांधू दे की. तुमचं काय जातं? पोराचा चेहरा बघा, पांढरा पडलाय." बायकोसमोर वाद नको म्हणून अण्णांनी हात वर केले. गल्लीतल्या गणपतीच्या मांडवाचा काथ्याचा दोर माळ्यावर होता, तो सतीशने काढला. वडिलांनी पोती आवळायची गाठ मला शिकवली होती. ती मी अण्णांच्या छातीवर मारली, बगलेतून, खांद्यावरून फिरवून. "हमाल बेस्ट आहे," अण्णा म्हणाले आणि भिंतीतल्या लोखंडी कड्यांवर पाय देत खाली गेले.

मी हाका मारायला सुरुवात केली. "अण्णा."

"हां की."

"अण्णा."

"अरे आहे. गाळ आहे फुटभर. बादली सोड."

सतीशने बादली सोडली. मी पुन्हा हाक मारली. "हां." पुन्हा मारली. "हां..." तो आवाज लांबला, झोपेतल्या माणसासारखा. मी ओरडलो, "अण्णा, वर या. आत्ता." कड्यांवर पाय वाजला, एकदा, दोनदा. मग माझ्या हातातला दोर एकदम जड झाला.

भीतीबद्दल लोक लिहितात की घाम फुटला, छाती धडधडली. माझं तसं काही झालं नाही. मला फक्त काही क्षण ऐकू येईनासं झालं. सतीशचं तोंड हलताना दिसत होतं. त्याने चपला काढलेल्या दिसल्या, मग कट्ट्यावर एक पाय. तेव्हा मला समजलं की तो उतरतोय. मी कट्ट्याला दोन्ही पाय रोवून मागे रेललो होतो, दोर मनगटाला वेढला होता. एका हाताने त्याचा शर्ट धरला.

"सोड. बाप आहे माझा."

"उतरलास तर तूही जाशील. दोर धर."

"सोड म्हणतो ना." त्याने माझ्या तोंडावर ठोसा मारला, मग आणखी एक. दोर माझ्या तळहातातून वितभर सरकला आणि कातडी घेऊन गेला. मी शर्ट सोडला नाही. मारामारीत मी कधीच कुणाला पुरा पडलो नव्हतो. "माझा चुलता असाच गेला," एवढंच मी पुन्हा पुन्हा म्हणत होतो. ते त्याला ऐकू गेलं का, मला आजही माहीत नाही. त्याला थांबवलं ते अक्कांनी. त्या मागून आल्या आणि त्यांनी मुलाला दोन्ही हातांनी कमरेत मिठी मारली. "सतीश, एकजण खाली आहे. मला दुसरा द्यायचा नाही. तो सांगतो तसं कर." मग तो रडत रडत माझ्यामागे येऊन दोराला लागला.

आम्ही ओढलं. अण्णा थोडे वर आले आणि अडकले. वाकून पाहिलं तर त्यांचा खांदा एका कड्याखाली घट्ट बसला होता आणि मान छातीवर पडली होती. ओढलं तर खांदा निघेल. सैल सोडलं तर ते गाळात तोंडावर पडतील. वर घेता येत नाही, खाली सोडता येत नाही, नुसतं धरून उभं राहायचं. अक्का कुंपणावरून शेजारी ओरडून आल्या, कोणीतरी अग्निशमन दलाला फोन करायला धावलं, दुसरं कोणीतरी "अय्यो, अय्यो" करत उभं राहिलं. मी हाका मारत होतो. अण्णा. अण्णा. खालून काहीच येत नव्हतं. ऊन अंगणात जसंच्या तसं होतं, तारेवर अक्कांच्या ओल्या साड्या हलत होत्या. माझ्या हातातून काहीतरी गरम ओघळून कोपरापर्यंत आलं. मला वाटलं, हे संपलेलं आहे, आपण उगाच उभे आहोत.

तेवढ्यात अक्का कट्ट्यापाशी उपड्या झोपल्या. त्यांच्या हातात साड्यांची ती काठी होती. चेहरा संपाच्या तोंडापासून दूर वळवून, फक्त हात आत घालून त्यांनी काठीचं टोक अण्णांच्या खांद्याला लावलं आणि कड्याखालून ढकलायला लागल्या. रोज ओली साडी उंच तारेवर बिनचूक टाकणारा हात होता तो. काठी दोनदा निसटली. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "स्वल्प सोड. स्वल्पच." मी बोटभर दोर दिला, तेवढाही देताना जीव गेला. खांदा सुटला. आणि त्याच वेळी गल्लीत टँकरचा भोंगा वाजला. ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार पाणी सोडायला आत आले ते थेट दोराला लागले. चौघांनी ओढल्यावर अण्णा वर आले, राखेच्या रंगाचे, ओठ जांभळे.

त्यांना टँकरवाल्याच्याच गाडीतून नेलं, पुढच्या सीटवर आडवं घालून. रस्त्यात सतीश त्यांच्या छातीवर कान ठेवून बसला होता आणि "आहे, आहे" म्हणत होता. मी मागे टाकीला लटकून होतो. गतिरोधक आला की पाणी डोक्यावर हिंदकळायचं. दवाखान्याच्या बाकावर बसलो तेव्हा कुठे माझे दात वाजू लागले, आणि ते थांबेनात. अक्का माझ्याशेजारी येऊन बसल्या. माझे तळहात उलटे करून पाहिले, पदर फाडून बांधले.

अण्णा शुद्धीवर आले तेव्हा नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. आम्हाला एकेकाला आत सोडलं. सतीश जाऊन आला, अक्का जाऊन आल्या. मी दारातच उभा राहिलो. आत जायची भीती वाटत होती. त्यांचा चेहरा अजून राखेसारखा असला तर? मग दारातूनच हळू हाक मारली, "अण्णा." त्यांनी डोळे उघडले नाहीत. मुखवट्याच्या आतून, घोगऱ्या आवाजात उत्तर आलं, "ओ."

आता मी देवनहळ्ळीच्या बाजूला राहतो. शेतं होती तिथे प्लॉट पडलेत आणि उन्हाळ्यात आमच्याही गल्लीत टँकर येतात. भोंगा वाजला की मी अजून चपला शोधू लागतो, बायको हसते. लोकांना मी नेहमी सांगतो, बंद टाकीत कोणी उतरू नका, कंदिलाच्या भरवशावरही नको. आता हवा तपासायची यंत्रं आहेत, ती असलेल्या माणसांना बोलवा. अण्णा पुढे पुष्कळ वर्षं जगले. सतीशने त्या ठोशांबद्दल कधी माफी मागितली नाही, पण माझ्या लग्नात दोन दिवस आधी औशाला जाऊन पाण्याची पिंपं भरत होता. जुना संप त्यांनी बुजवला आणि वर कढीपत्ता लावला.

दवाखान्यातून परतल्यावर आठवडाभरात मी बाईंना एक पत्र लिहिलं. बाई गेल्यावर त्यांच्या मुलीने ते मला परत पाठवलं, म्हणून इथे जसंच्या तसं उतरवता येतं.

"आदरणीय तांबोळी बाईंना बालाजीचे कृतानेक नमस्कार. वि. वि.

आपण मला दहावीत एक क्रियापद दिलं होतं, होल्ड ऑन. मी कालवडीचं सांगितलं तर आपण म्हणालात की बाकी आहे. आपल्याला आठवत नसेल. गेल्या रविवारी मी ज्यांच्या घरी राहतो ते अण्णा पाण्याच्या टाकीत बेशुद्ध पडले. दोर माझ्या हातात होता. ते आता बरे आहेत.

बाई, सोडावासा वाटला. हात सोलले म्हणून नाही. मी हाक मारत होतो आणि खालून ओ येत नव्हती. मला वाटलं, हे गेले, आणि मी गेलेल्या माणसाला धरून उभा आहे. सोडला असता तर कोणी बोल लावला नसता, मी तर परगावचा भाडेकरू. त्या वेळी आपली आठवण आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. कोणाचीच आठवण आली नाही. फक्त भीती वाटत होती, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. धीर असा एकदाही आला नाही. दवाखान्यात बसलो असताना लक्षात आलं की आपण दिलेलं ते हेच असावं.

भीत भीत केलेलं चालतं का, हे आपण तेव्हा सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. चालत असेल तर माझी बाकी तेवढी मिटवावी. चालत नसेल तर तसं कळवावं, मी वाईट वाटून घेणार नाही.

घरी सर्वांना नमस्कार. आपला विद्यार्थी, बालाजी.

ता. क. अक्षर फार वाकडं आलं आहे, त्याची माफी असावी. हात अजून बरे व्हायचे आहेत, पेन धरता येत नाही."